शिस्तीत फ्लॉरेन्स

मंगळवार, २ एप्रिल

प्रीमो बासोली मंडळाच्या अध्यक्षपदाला उभा राहतोय. जन्मभर खाटिकखान्यात डुकरं सोलली, आता पेन्शनर मंडळी हाकणार म्हणे. त्याला वाटतं, गुरुवारी पत्ते आणि रविवारी सॉसेज भाजले की झालं मंडळ. मी पिएवेलुंगाच्या वाहतूक पोलिसांचा प्रमुख होतो. हाताखाली तीन शिपाई आणि एक सिग्नल. माझ्या कारकिर्दीत गावात एकच अपघात झाला, तोही मी रजेवर असताना. माणसं सांभाळणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको.

तेव्हा ठरवलं. निवडणुकीच्या आठवडाभर आधी, शनिवारी मंडळाची फ्लॉरेन्सला सहल काढायची आणि नेतृत्व मी करायचं. बसभर म्हातारे त्या गर्दीतून फिरवून एकही न हरवता परत आणले की मतपेटी उघडायचीसुद्धा गरज नाही.

बायकोला, निवेसला, सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. हात थांबवून म्हणाली, "फ्लॉरेन्स? मला केव्हापासून बघायचंय ते."

"मी दाखवतोच आहे," मी म्हणालो.

ती थोडी थांबली आणि पुन्हा वाटाण्यांना लागली. आनंद झाला की ती अशीच गप्प होते.

शनिवार, ६ एप्रिल

आज मंडळात सहलीची घोषणा केली. टाळ्या पडल्या. मग आर्जिया मोंतानारीनं विचारलं, "गाईड कोण रे, अडेल्मो?" आर्जिया आमच्या गावची सुईण. त्र्याऐंशी वर्षांची आहे. निम्मं गाव तिच्या हातात जन्मलं, मीही त्यातलाच, म्हणून ती सगळ्यांना अरे-तुरे करते.

"गाईड मीच," मी म्हणालो.

सभागृहात अशी शांतता पसरली की फ्रिजची घरघर ऐकू यावी. एवढी जबाबदारी मी अंगावर घेईन असं कुणाला वाटलं नसावं. मी त्यांना सांगितलं की फ्लॉरेन्सवरचं एक जाडजूड पुस्तक मी वाचायला घेतलंय, तिथल्या कॅथीड्रलच्या घुमटाच्या प्रकरणापर्यंत आलोय, आणि भाड्याचा गाईड आणून मंडळाची शोभा करायचं कारण नाही.

बासोली म्हणाला, "अरे, पण तू पुस्तक संपव तरी."

त्यावर काही लोक हसले. हलक्या विनोदाला हसणारे लोक सगळीकडे असतात.

एक गंमत झाली. सभा संपता संपता सगळ्यांचे मोबाईल एकदम किणकिणले. माझा सोडून. सगळ्यांनी खाली बघितलं, मग वर बघितलं, मग परत खाली. घरी येताना निवेसला विचारलं, काय आलं होतं? म्हणाली, "हवामानाचं काहीतरी." माझ्या मोबाईलवर हवामान येत नाही. दुकानात दाखवायला हवा.

रविवार, १४ एप्रिल

चर्चच्या पटांगणात सराव घेतला. दोन-दोनची रांग, पुढे मी, काठीला पिवळा रुमाल. 'थांबा' म्हणजे काठी आडवी, 'चला' म्हणजे काठी उभी. बासोलीनं जोडीदार म्हणून आर्जियाला घेतलं आणि रांगेतच तिच्याबरोबर वॉल्ट्झ नाचायला लागला. पाठोपाठ सगळी रांग नाचायला लागली. निवेससुद्धा. चाळीस वर्षांत मी तिला नाचताना पाहिलं नव्हतं. मी काठी आडवी धरून उभा होतो. कुणी बघितलं नाही.

फ्लॉरेन्समध्ये बघून घेतो.

रविवार, २१ एप्रिल

काल लिहायला त्राण नव्हतं. आज सगळं क्रमानं लिहितो, कारण उद्या कुणी काही उलटसुलट सांगायला नको.

बस वेळेवर सुटली. घाट उतरायच्या आत बासोलीनं मोर्ताडेल्ला सॉसेजचे काप आणि वाइन वाटायला काढली. मतं विकत घेण्याचा इतका उघडा प्रयत्न मी आजवर पाहिला नाही. मी माईकवरून शहराच्या स्थापनेपासून सुरुवात केली. तेराव्या शतकात पोचलो तोवर पुष्कळशा लोकांनी डोळे मिटून घेतले होते. तसं ऐकलं की डोक्यात बसतं.

मी खास भाड्यानं कानातली यंत्रं आणली होती. माझ्या कॉलरला छोटा माईक, प्रत्येकाच्या गळ्यात डबी, डबीची वायर कानात. गर्दीतही ओरडावं लागत नाही. डबीवर एक चक्री असते, ती फिरवली की दुसऱ्या कुणाच्या माईकचं ऐकू येऊ शकतं. म्हणून मी सक्त ताकीद दिली होती की चक्रीला हात लावायचा नाही.

घुमटाच्या चौकात पाऊल ठेवलं आणि माझ्यातला अधिकारी हळहळला. एकही माणूस उजवीकडून चालत नव्हता. दर चार पावलांवर एक टोळकं, आणि प्रत्येक टोळक्याच्या म्होरक्याच्या हातात काहीतरी उंच केलेलं: छत्री, कापडी मासा, लाकडी डाव, एकाच्या हातात तर नुसता मोजा. सगळे एकाच दिशेनं मोबाईल धरून उभे. खरा घुमट कुणी बघत नव्हतं, प्रत्येक जण पुढच्याच्या मोबाईलमधला घुमट बघत होता. शेजारी लाल टोपी घातलेली एक गाईड पुलियाकडच्या शिक्षकांचा जथा घेऊन उभी होती. आम्ही जिथे जाऊ तिथे ती. तिची माणसं सारखी खिदळत होती. शिक्षकांना हे शोभत नाही.

मी विटांची संख्या, घुमटाचं वजन, घेर आणि उंची सांगितली. आणि मला इथे अभिमानानं नमूद करायचंय की माझी माणसं तल्लीन झाली. वजन सांगितलं तेव्हा बासोली गालातल्या गालात हसला. घेराला आर्जियानं डोळे पुसले. विटांच्या आकड्याला तर अख्खी रांग हसून लोटपोट झाली. आकड्यांत एवढी मजा असते हे मलाही ठाऊक नव्हतं. एकटी निवेस हसली नाही. ती कानातल्या वायरवर बोट ठेवून माझ्याकडे नीट बघत होती, जसं घरी मी बोलताना बघते तसं. तिला विनोद उशिरा कळतात.

तिथून सिन्योरियाच्या चौकात. तिथे मी पुतळ्यांच्या समोर काठी आडवी धरली, रांग थांबवली, आणि बोलायला सुरुवात करणार तोच नगरपालिकेच्या पोलिसांतली एक बाई समोर येऊन उभी राहिली. वयानं माझ्या मुलीसारखी, टोपी किंचित तिरकी. टोपी तिरकी घालणाऱ्या शिपायाला मी कधी बढती दिली नाही.

"आपलं गाईडचं ओळखपत्र?"

"बाई, मी स्वतः कमांडर गिझेल्ली. पिएवेलुंगा."

"मग तर नियम आपल्याला ठाऊकच असेल. परवान्याशिवाय गाईडचं काम करता येत नाही."

मी तिला बाजूला घेतलं. लोकांसमोर खात्याची अंतर्गत चर्चा नको. तिला समजावून सांगितलं की हे गाईडचं काम नव्हेच, ही निगराणी आहे.

"म्हणजे काय?" ती म्हणाली.

"म्हणजे ही माणसं बघा," मी म्हणालो. "मेंढरं आहेत. मी काठी खाली ठेवली तर संध्याकाळपर्यंत नदीत सापडतील. तो जाडा खाटिक, त्याला पुतळा आणि टांगलेलं डुक्कर यातला फरक कळत नाही. ती म्हातारी, तिला अर्धं ऐकू येत नाही. आणि ती निळ्या स्वेटरमधली, ती माझी बायको. चाळीस वर्षांचा संसार आहे, म्हणून खात्रीनं सांगतो. स्वयंपाकघरातून सोडली तर फाटकापर्यंत वाट चुकेल. मी बोट दाखवल्याशिवाय ती आभाळाकडेसुद्धा बघणार नाही. अशा माणसांना काय मी गाईड करणार? मी फक्त हाकतोय."

बाईनं माझ्या कॉलरकडे बघितलं. मग माझ्या मागे, रांगेकडे बघितलं.

"साहेब," ती म्हणाली, "आपला माईक चालू आहे."

खरंच चालू होता. उगाच बॅटरी गेली. मी आभार मानून बंद केला. तीस हातांवर निवेस उभी होती. तिनं कानातली वायर काढली, नीट गुंडाळली, डबीसकट बासोलीच्या हातात दिली. तिच्याही डबीची बॅटरी संपली असणार. बाकीचे अजून मजेत ऐकत होते, हसतही होते. माझा माईक बंद असताना ते काय ऐकत होते ते कळलं नाही. यंत्रात दोष आहे. परत करताना सांगायला हवं.

बाईनं माझं नाव, पत्ता, जन्मतारीख लिहून घेतली. दंड केला नाही, फक्त समज दिली. समज ती मला देत होती आणि मी ऐकून घेत होतो. एवढ्या वर्षांत मी हजारो लोकांना समज दिली असेल, पण ऐकायला एवढा वेळ लागतो याची कल्पना नव्हती.

वळलो तर रांग नाही.

चौकात हजारभर माणसं होती. त्यात माझं एकही नव्हतं. मी काठी उभी केली. शिट्टी मारली. दोन कबुतरं उडाली. निवेसला फोन केला, तिनं कट केला. पुन्हा केला, पुन्हा कट. घाबरलेल्या माणसाचं बोट चुकीच्या बटणावर पडतं. मग तिचा निरोप आला: "आम्ही ठीक. सहाला बसपाशी." किती भेदरली असेल बिचारी. एका ओळीच्या वर लिहवलं नाही.

मी शोध सुरू केला. नदीवरच्या जुन्या पुलावर गेलो. पुलावर शिरणं सोपं, बाहेर पडणं नशिबात असावं लागतं. मला मागच्यांनी ढकललं, पुढच्यांनी मागे रेटलं, एका लग्नाच्या जोडप्यानं माझ्या हातात मोबाईल देऊन स्वतःचा फोटो काढून घेतला. मग पलीकडच्या टोकाला काठी उंच केली आणि काय सांगू, माझ्यामागे रांग लागलेली. मागे वळून बघितलं नाही, कारण नेत्यानं सारखं मागे बघू नये. सरळ चालत राहिलो. काठी आडवी केली, पावलं थांबली. उभी केली, चालू लागली. एका चर्चमध्ये नेलं, वेदीसमोर थांबलो, वेदीची लांबी-रुंदी सांगितली. सगळे हात मागे बांधून गप्प ऐकत होते. एवढी शिस्त मी आयुष्यात पाहिली नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

ते पोर्तुगीज होते. त्यांच्या गाईडकडेही पिवळाच रुमाल होता. त्यांना माझं एक अक्षरही कळलं नव्हतं, तरी जाताना एका आजोबांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. खरं सांगायचं तर कालच्या दिवसातली ती वीस मिनिटं सगळ्यात बरी गेली.

सहाला बसपाशी पोचलो तेव्हा सगळे आधीच जागेवर बसलेले. काळजीनं खंगले असतील असं वाटलं होतं. पण गाल उन्हानं तांबडे झालेले, हातात आइस्क्रीम, बसभर लसूण-मिरीचा वास. लाम्प्रेदोत्तो खाऊन आले होते, म्हणजे आपली वजडीच, रश्श्यात बुडवलेल्या पावात भरलेली. आर्जिया घास चावत म्हणाली, "अडेल्मो, तुझीच काळजी करत होतो रे." बासोलीच्या खांद्यावर कुणीतरी घेतलेली गालिच्याची गुंडाळी होती. बसमध्ये गाणी चालू होती.

निवेस ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर खिडकीशी बसली होती. नेहमी खिडकीशी मी बसतो.

"कुठे हरवली होतीस?" मी विचारलं.

"स्वयंपाकघर आणि फाटकाच्या मध्ये," ती म्हणाली.

मला अर्थ लागला नाही. ऊन लागलं असेल. मी तिला टोपी घाल म्हणून सांगितलं होतं.

मंगळवार, २३ एप्रिल

मत आजमावायला आर्जियाकडे गेलो. तिनं वाइन दिली, बिस्किटं दिली आणि म्हणाली, "सहल झकास झाली. त्या बैलाचा किस्सा तर मी शेजारणीला तीनदा सांगितला."

"कुठला बैल?"

"अरे, घुमटाच्या भिंतीवरचा. बेकरीवाल्याच्या बायकोचं त्या गवंड्याशी होतं, मग गवंड्यानं दगडी बैल असा बसवला की त्याची शिंगं नेमकी नवऱ्याच्या खिडकीकडे. फसलेल्या नवऱ्याला शिंगं फुटतात म्हणतात ना! काय हसलो आम्ही."

मी बैलाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मी घेराबद्दल बोललो होतो. आर्जियाचं वय झालंय. तिला सांभाळून घ्यायला हवं, तिचं मत आपलंच आहे.

मी सहज विचारलं की मी पोलिसांत अडकलो होतो तेव्हा मंडळींना बाहेर कुणी काढलं? आर्जियानं माझा पेला पुन्हा भरला.

"तुझ्या बायकोनं. डबी काढून ठेवली आणि म्हणाली, चला, मला भूक लागलीय. आम्ही निघालो तिच्यामागे. कुठे ऊन लागलं की सावलीत बसवायची, कुठे बरं वाटलं की थांबायची. एका अंगणात गेलो, तिथे काहीच नव्हतं, नुसतं एक संत्र्याचं झाड आणि बाक. तास बसलो. मला तर तेच फ्लॉरेन्स आठवतंय."

म्हणजे पैसे खर्चून गेलेली माणसं तासभर एका झाडाखाली बसली. हे मी कुणाला सांगणार नाही. निवेसची अब्रू ती माझी अब्रू.

गुरुवार, २५ एप्रिल

सुट्टीचा दिवस. सूपमध्ये मीठ नव्हतं. कालही नव्हतं. मी निवेसला तसं सांगितलं. तिनं मिठाची बरणी माझ्यासमोर ठेवली आणि बसली.

"अडेल्मो, एक विचारू? माझ्याबद्दल तुला काय वाटतं, ते तू कधी कुणाला सांगितलंयस?"

"घरातल्या गोष्टी मी बाहेर बोलत नाही," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. वाटलं रडणार. पण ती हसायला लागली, आणि हसता हसता उठून परसात गेली. मी मीठ घालून सूप संपवलं. बायकांना नवऱ्याच्या अशा बोलण्याचा आतून किती आनंद होतो, ते त्या दाखवत नाहीत.

रविवार, २८ एप्रिल

लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

सकाळी मतदानाआधी बासोली उभा राहिला आणि म्हणाला की मी माघार घेतोय. मी मनात म्हटलं, सुटला. मी उठून त्याचा हात हातात घेतला, मोठेपणा दाखवायची हीच वेळ होती. एवढ्यात आर्जिया काठी आपटत उठली.

"मी एक नाव सुचवते. निवेस ताल्याविनी."

क्षणभर मला कोण ते कळलंच नाही. माझी बायको माहेरचंच आडनाव लावते, सगळ्याच लावतात, पण ते मी दारावरच्या पाटीशिवाय कुठे पाहिलं नव्हतं.

मी निवेसकडे बघितलं. तिला अगोदर माहीत होतं. तिनं तो निळा स्वेटर घातला होता आणि केस बांधले होते. मी कुजबुजलो, "अगं, नाही म्हण. तुला झेपणार नाही."

"माईक चालू नाहीये ना आता?" ती म्हणाली. तिच्या बोलण्याला हल्ली धरबंध राहिलेला नाही.

मतं मोजली. सगळी तिला. दोन सोडून. ती दोन मला. एक माझं, ते मला माहीत आहे. दुसरं कुणाचं?

घरी येताना मी वाटेत तिला तेच विचारलं. "दुसरं मत कुणाचं असेल गं?"

"कुणाला तरी दया आली असेल."

"फादरचं असणार."

"फादर मंडळाचे सभासद नाहीत, अडेल्मो."

गावच्या पुलापाशी तिनं माझ्या बाहीला लागलेला धागा काढून टाकला. एवढंच.

शांतपणे विचार केल्यावर एक बाजू अशी दिसते की अध्यक्षपद शेवटी आमच्याच घरात आलं. प्रत्यक्ष कारभार मलाच बघावा लागेल. ती सही करेल.

सोमवार, ६ मे

निवेस अध्यक्ष म्हणून पहिल्या बैठकीहून आली. मी टेबलावर माझ्या सूचना लिहून ठेवल्या होत्या, अकरा कलमं. तिनं त्यावर गरम भांडं ठेवलं. मग म्हणाली की मंडळात आता भांडी घासायची पाळी सगळ्यांना आहे, पुरुषांनाही. बुधवारी माझी, बासोलीबरोबर.

मी म्हणालो, "कमांडर भांडी घासत नसतो."

"बासोलीला वाटतंच होतं," ती म्हणाली, "की तुला जमणार नाही."

बुधवार, ८ मे

भांडी घासली. बासोलीपेक्षा स्वच्छ. बासोली कढईच्या बाहेरची बाजू सोडून देतो, जशी काय बाहेरून कढई नसतेच. मी त्याला समजावून सांगितलं. तो ऐकत होता आणि शिट्टी वाजवत होता. शेवटी म्हणाला, "तुला ठाऊक आहे का, अडेल्मो, त्या दिवशी चौकात आम्ही सगळे लाल टोपीवालीचं ऐकत होतो."

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

माहीत नव्हतं. पण खाटिकासमोर कबूल कसं करायचं?

"एकटी तुझी बायको तुझं ऐकत होती," तो म्हणाला आणि कढई पालथी घातली.

हे वाक्य तो कशासाठी बोलला, याचा मी घरी आल्यापासून विचार करतोय. बायको नवऱ्याचं ऐकते यात बातमी काय?

शुक्रवार, १० मे

आज बागेत टोमॅटोची रोपं बांधत असताना लक्षात आलं. कॉलरचा माईक. हात थांबले. निवेस आत फोनवर बोलत होती, कुणाला तरी बसचं विचारत होती. आत जाऊन काहीतरी बोलावं असं वाटलं. काय बोलावं ते ठरवण्यात रोपं सगळी बांधून झाली. मग ती म्हणाली जेवायला चल. मग जेवलो.

रविवार, १३ ऑक्टोबर

काल मंडळाची सहल. पुन्हा फ्लॉरेन्स. एवढा मोठा देश आहे, पण अध्यक्षांच्या डोक्यात दुसरं शहर नाही. मी सभासद म्हणून गेलो. माझी जागा मागून दुसरी, आर्जियाच्या शेजारी. ती घाटभर माझ्या खांद्यावर झोपली.

नदीपलीकडच्या सांतो स्पिरितोच्या चौकात कारंजं आहे. तिथे सगळ्यांना उतरवून निवेस म्हणाली, "चार वाजता इथे. तोवर ज्याला जिथे जायचंय तिथे जा."

मी म्हणालो, "म्हणजे कुठे?"

"जिथे जायचंय तिथे."

"आणि कुणी हरवलं तर?"

"तर चारला सापडेल."

बघता बघता सगळे पांगले. बासोली बाजाराकडे, आर्जिया दोन मैत्रिणींचे हात धरून कुठल्याशा चर्चकडे. निवेसही गेली, खांद्याला पिशवी लावून, मागे न बघता. मी कारंज्याच्या पायरीवर बसलो. जावं म्हणून दोनदा उठलो. एका गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, तिथे तीन फाटे होते. कुठला घ्यायचा ते कुणी सांगितलं नव्हतं. परत येऊन बसलो. शेवटी कुणीतरी तिथे थांबायला हवंच होतं.

चौकात भाजीवाले होते, कुत्री होती, एक बाई खिडकीतून दोरीला टोपली बांधून पाव वर घेत होती. जथेच्या जथे येऊन गेले. प्रत्येक गाईड चर्चच्या सपाट भिंतीसमोर थांबून ती सपाट का राहिली ते सांगत होता, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. माणसं मान डोलवत होती. मी ते पाच वेळा ऐकलं. मग मला हसू आलं, एकट्यालाच.

दुपारी निवेस आली. मला बघून थबकली.

"तू इथेच आहेस? सकाळपासून?"

"लक्ष ठेवत होतो."

"कशावर?"

मी कारंज्याकडे बोट दाखवलं. तिनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाली, "मी खायला चाललेय. यायचं तर ये. पण काही समजावून सांगायचं नाही."

मी उठलो. ती पुढे, मी मागे. ती गल्ल्या अशा वळत होती जशा आपल्या घरातल्या खोल्या. एका ठिकाणी गर्दी आली तर तिनं मान खाली घालून एका दारातून मला आत घेतलं, अंगण पार केलं, आणि आम्ही पलीकडच्या रस्त्यावर. नदीजवळच्या एका चौकात वजडीची गाडी लागलेली होती. गाडीवाला दाढीवाला, बाहीवर रश्श्याचे डाग. निवेसला बघताच त्यानं पावाला सुरी लावली.

"सिन्योरा निवेस. नेहमीचाच ना, वरचा पाव बुडवून? आणि आज सोबत कोण?"

"माझा नवरा," निवेस म्हणाली. "त्यालाही एक दे. तिखट कमी."

त्यानं माझ्याकडे वर-खाली बघितलं, हसला आणि दोन पाव भरले. आम्ही भिंतीच्या कठड्यावर बसलो. गरम रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. तिनं पिशवीतून कापड काढून दिलं. म्हणजे तिला ठाऊक होतं की ओघळतो.

"तू किती वेळा आली आहेस इथे?" मी विचारलं.

"गुरुवारी येते. आगगाडीनं."

"दर गुरुवारी?"

"पाऊस नसला तर."

गुरुवारी मी झाकून ठेवलेलं जेवून झोपतो, मग संध्याकाळी मंडळात पत्ते. घरी आलो की जेवण वाढलेलं असतं. मला कधी काही वेगळं वाटलं नव्हतं.

"आणि करतेस काय दिवसभर?"

"चालते. बसते. खाते. बघते."

"मला सांगितलं का नाहीस?"

निवेसनं घास संपवला. बोटं पुसली.

"सांगितलं होतं. दोनदा. तू तेव्हा बोलत होतास."

तोंडात घास होता, आणि तो मी बराच वेळ चावला.